उपाशीपोटी १०४ : मधुमेहपूर्व अवस्थेची तपासणी करताना

मधुमेहपूर्व अवस्था म्हणजे रक्तातली साखर नेहमीपेक्षा वर, पण मधुमेहाइतकी नाही. ती शोधायला काहीही त्रास नसलेल्या माणसाची साखर तपासायची, तर सुई टोचणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग असतो. चुका होतात त्या सुईच्या आधी आणि नंतर. त्यामुळे आमचं काम आदल्या संध्याकाळच्या निरोपापासून सुरू होतं आणि रिपोर्ट हातात पडला तरी संपत नाही. ते कसं चालतं आणि कुठे बिघडतं, हे इथे क्रमाने लिहितो आहोत.

आदल्या संध्याकाळच्या निरोपात ‘उद्या उपाशी या’ एवढंच सांगून भागत नाही. प्रत्येकाचा उपास वेगळा असतो. कोणी जेवण टाळतो, पण सकाळी दूध-साखरेचा चहा घेऊन येतो. कोणी पाणीसुद्धा पीत नाही, आणि मग शीर सापडायला वेळ लागतो. म्हणून निरोप असा देतो: किमान ८ तास पोटात काही नको, साधं पाणी हवं तेवढं प्या, चहा, कॉफी, दूध, रस, साखरेची गोळी काही नको, रक्तदाबाची रोजची गोळी पाण्यासोबत घ्यायला हरकत नाही. रात्रपाळी करणाऱ्यांना शेवटचं खाणं किती वाजता होतं ते वेगळं विचारावं लागतं, कारण त्यांची रात्र म्हणजे उपासाची वेळ नव्हे. सर्दी-ताप, जखम, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा स्टेरॉइडचा कोर्स चालू असेल, तर तारीखच पुढे ढकलतो. शरीरावर ताण असला की साखर तात्पुरती वर जाते, आणि त्या आकड्यावरून कोणालाही लेबल लावणं अन्यायाचं आहे.

सकाळी माणूस समोर बसला की ‘उपाशी आहात ना?’ असं आम्ही विचारत नाही. त्याला उत्तर ‘हो’ हेच येतं. ‘शेवटचं काय घेतलंत आणि किती वाजता?’ असं विचारलं की खरी वेळ कळते. ती वेळ फॉर्मवर लिहितो, रक्त घेतल्याची वेळही लिहितो. या दोन वेळा नसलेल्या रिपोर्टचा नंतर अर्थ लावायला बसलं की हळहळ वाटते.

तपासणी कोणाची करायची? अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या शिफारशीनुसार वयाची ३५ वर्षं पूर्ण झाली की सगळ्यांचीच. त्याआधी, वजन जास्त असेल आणि सोबत आणखी एखादं कारण असेल तर: आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातली बिघडलेली चरबी, पीसीओएस (बायकांमधला, पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा बिघाड), शारीरिक हालचालीचा अभाव. वजन जास्त म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) २५ किंवा अधिक, पण आशियाई वंशाच्या लोकांसाठी ही रेघ २३ वर धरतात. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी मखमलीसारखी जाड आणि काळपट झाली असेल, तर ती मळाची खूण नसते. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची असते. ते पाहायला काही उपकरण लागत नाही, नजर लागते.

ज्याला खूप तहान लागते, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागतं, वजन आपोआप उतरतंय, त्याला या रांगेत ठेवूच नये. ते स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसलेल्यांची चाळणी, नव्हे; तिथे निदान करायचं आहे आणि ते त्याच दिवशी. अशा लक्षणांसोबत दिवसातल्या कोणत्याही वेळची साखर २०० (इथले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये) किंवा वर निघाली तर मधुमेहाच्या निदानाला तेवढं पुरतं. उलट्या आणि धाप असेल तर थेट रुग्णालय.

रक्त घेण्याआधी प्रश्नावली. जगभर वापरली जाणारी फिनलंडची फिन्डरिस्क ही ८ प्रश्नांची आहे, गुण ० ते २६. वय, बीएमआय, कंबरेचा घेर, रोजची अर्धा तास हालचाल, रोज भाजी-फळं, रक्तदाबाची औषधं, पूर्वी कधी साखर वाढलेली सापडली होती का, आणि घराण्यात मधुमेह. सगळ्यात जास्त महत्त्व शेवटच्या दोन प्रश्नांना, प्रत्येकी ५ गुणांपर्यंत. एकूण गुण ७ च्या खाली असतील तर येत्या १० वर्षांत मधुमेह होण्याची शक्यता साधारण १०० त १, १२ ते १४ असतील तर ६ त १, १५ ते २० असतील तर ३ त १, आणि २० च्या वर गेल्यावर २ त १. हे आकडे फिनलंडच्या लोकांवरून आले आहेत. दुसऱ्या लोकसमूहात तेच गुण तेवढाच धोका सांगतील असं नाही, म्हणून शक्य तिथे त्या-त्या लोकांवर तपासलेली प्रश्नावली घ्यावी. भारतीयांसाठी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर आहे. वय, कंबर, हालचाल, आई-वडील एवढे चारच मुद्दे, १०० पैकी ६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा.

प्रश्न कसा विचारला यावर गुण बदलतात. ‘तुम्हाला कधी शुगर होती का?’ याला बहुतेकांचं उत्तर ‘नाही’. ‘गरोदरपणात, ऑपरेशनच्या आधी किंवा आजारपणात दवाखान्यात असताना कोणी साखर थोडी वाढली आहे असं म्हणालं होतं का?’ असं विचारलं की आठवणी निघतात. गरोदरपणातला मधुमेह बाळंतपणानंतर उतरला म्हणून बाई तो सांगतच नाही, आणि त्याच एका उत्तरावर तिची पुढची सगळी दिशा ठरते. अशा स्त्रीची बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पाजून तपासणी व्हायला हवी आणि पुढे आयुष्यभर दर १ ते ३ वर्षांनी. हालचालीचंही तसंच. ‘दिवसभर धावपळ असते’ हे उत्तर नोंदवू नये. श्वास थोडा वाढेल असं चालणं किती मिनिटं, आठवड्यातून किती दिवस, ते विचारावं.

कंबर मोजताना पँटचा नंबर चालत नाही. पँट बहुधा पोटाच्या खाली बांधलेली असते. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटाने चाचपायची, दोन्हींच्या मधोमध टेप ठेवायची. ती जमिनीला समांतर हवी, कातडीला टेकलेली पण रुतलेली नको. माणसाला नेहमीसारखा श्वास सोडू द्यायचा आणि तेव्हा वाचायचं. पोट आत घेतलं जातंच, म्हणून दोनदा मोजतो. दोन मापांत १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही रेघ आहे. उंची-वजनाला चप्पल-बूट काढलेले असावेत, एवढंच.

गुणांचा अर्थ सांगताना दोन गोष्टींची गल्लत फार होते. प्रश्नावली पुढच्या १० वर्षांबद्दल बोलते, रक्ताचा रिपोर्ट आजच्या सकाळबद्दल. गुण २० आणि साखर ९२ असेल, तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. अशा माणसाला ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी पाठवणं हे आमच्या मते या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे.

आता रक्त. शिरेतून घेतलेलं रक्त ट्यूबमध्ये गेलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला, ही घट तासाला ५ ते ७ टक्के होते. १०८ असलेली साखर दोन तास तशीच पडून राहिली की ९५ च्या आसपास येते. म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेतला माणूस निव्वळ ट्यूब टेबलावर राहिली म्हणून नॉर्मल ठरतो. रक्तशर्करेसाठी राखाडी टोपणाची ट्यूब वापरतात, त्यात सोडियम फ्लोराइड असतं. पण फ्लोराइड साखर मोडण्याच्या साखळीत बरंच खालच्या टप्प्यावर अडसर घालतं, त्यामुळे पहिल्या तास-दीड तासात साखर उतरतच राहते आणि मग थांबते. ‘राखाडी ट्यूब आहे, आता काळजी नाही’ हा समज अर्धाच खरा. सायट्रेट असलेली ट्यूब लगेच काम करते; ती मिळत असेल तर तीच घ्यावी. नसेल तर ट्यूब बर्फ-पाण्यात ठेवायची आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून, प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग) वेगळा करायचा. ट्यूब खुणेपर्यंत भरायची आणि ८ ते १० वेळा हलकेच उलटसुलट करायची, नाहीतर पावडर तळाशी तशीच राहते. शिबिरात सकाळी ७ ला घेतलेलं रक्त दुपारी प्रयोगशाळेत पोचणार असेल, तर फास्टिंग शुगरपेक्षा एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) पाठवणं शहाणपणाचं, कारण ते काही तासांत बदलत नाही.

ग्लुकोमीटरबद्दल वाद होतात. यंत्र चांगलं आहे, पण ते रोजचे चढउतार पाहायला बनवलेलं आहे. सीमारेषेवरचा माणूस ओळखायला नव्हे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकानुसार १०० किंवा त्यावरच्या साखरेला १५ टक्क्यांपर्यंतची चूक मान्य आहे, तीही १०० पैकी ९५ वेळा. खरी साखर ११० असेल तर यंत्र ९४ ही दाखवू शकतं आणि १२६ ही; पहिला आकडा निरोगी, दुसरा मधुमेही. म्हणून आम्ही मीटर फक्त गाळणीसाठी वापरतो, निदान शिरेतल्या प्लाझ्मावरच. गाळणी तरी नीट व्हावी म्हणून हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायला लावतो. बोटाला फळाचा रस लागलेला असला तर रीडिंग भलतंच वर जातं, आणि नुसतं स्पिरिट फिरवून तो जातोच असं नाही. बोट पिळायचं नाही. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावायचं; दमट हवेत उघडी राहिलेली डबी दिवसभर चुकीचे आकडे देत राहते आणि कोणाला शंकाही येत नाही. ज्याचं हिमोग्लोबिन फार कमी आहे, त्याची साखर बऱ्याच मीटरवर खरीपेक्षा जास्त दिसते.

एचबीएवनसीला उपास लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर यात मोजली जाते. लोक याला तीन महिन्यांची सरासरी म्हणतात, पण त्यातला जवळपास निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. तांबड्या पेशींचं आयुष्य बदललं की हा आकडाही फसवतो. लोहाच्या कमतरतेने पंडुरोग असेल तर तो उगाच वर जातो. नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल, पेशी लवकर फुटत असतील, किंवा गरोदरपणाचे मधले-शेवटचे महिने असतील तर खाली येतो. सिकलसेलसारखे हिमोग्लोबिनचे दोष काही मशीनना गोंधळात टाकतात. त्यामुळे एचबीएवनसीसोबत हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय आम्ही त्यावर बोलत नाही. डोळे पांढुरके दिसणाऱ्या बाईचा एचबीएवनसी ६.१ आला, तर आधी लोह पाहायचं, मग साखर.

तिसरा मार्ग ग्लुकोज पाजून तपासायचा. हा वेळखाऊ आहे, पण काही माणसं फक्त यातच सापडतात. उपाशीपोटी साखर ९५, आणि ग्लुकोजनंतर दोन तासांनी १७०, असं असणारे कमी नाहीत. आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण हवं, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं. तपासणी आहे म्हणून कोणी तीन दिवस पथ्य पाळून आला तर त्याचा आकडा उलट वर जातो, कारण शरीराची साखर हाताळायची सवय तेवढ्यात मंदावते. सकाळी उपाशीपोटी पहिलं रक्त. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलीटर पाण्यात, ५ मिनिटांत संपवायचं. डब्यावरचं लेबल वाचावं. ७५ ग्रॅम हे निर्जल, म्हणजे पाण्याचा अंश नसलेल्या, ग्लुकोजचं माप आहे. पावडर मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा अंश धरून असलेली, असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. ७५ च घेतली तर पोटात ६८ ग्रॅम जातं आणि धोक्यातला माणूस सुटतो. घड्याळ पहिल्या घोटाला सुरू करायचं, शेवटच्या नव्हे. मग दोन तास बसून राहायचं, चालायला जायचं नाही, धूम्रपान नाही, खाणं नाही. स्नायू हलले की साखर ओढून घेतात. उलटी झाली तर तपासणी रद्द, दुसरा दिवस ठरवायचा. पाणी गार असेल तर मळमळ कमी होते. दोन तासांनी रक्त शिरेतूनच घ्यायचं, कारण ग्लुकोज प्यायल्यावर बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा जास्त साखर असते.

इथेच सांगायला हवं की नेहमीचं जेवण करून दोन तासांनी तपासलेली ‘पीपी’ म्हणजे ही तपासणी नव्हे. १४० आणि २०० या रेघा ७५ ग्रॅम ग्लुकोजसाठी आखल्या आहेत. कोणी अर्धं पोट जेवला, कोणी भरपेट. त्या आकड्याला या रेघा लावता येत नाहीत. लघवीतली साखर तर इथे निरुपयोगीच. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही.

रेघा अशा, मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये: उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. १२६, २०० आणि ६.५ पासून मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना मात्र उपाशीपोटीची खालची रेघ ११० वरच ठेवते. अमेरिकन असोसिएशनने ती २००३ मध्ये १०० वर आणली. म्हणून १०४ असलेला माणूस एका कागदावर मधुमेहपूर्व आणि दुसऱ्या कागदावर निरोगी ठरतो. लोक गोंधळतात, आणि त्यांचा गोंधळ रास्त आहे. निसर्गात तिथे रेघ नाही. धोका ९० च्या घरापासून हळूहळू चढत जातो, आपण सोयीसाठी खूण केली आहे.

त्यात एकाच माणसाची उपाशीपोटीची साखर दिवसागणिक ५-६ टक्के इकडेतिकडे होते. आज १०४, पुढच्या आठवड्यात ९८, काहीही न बदलता. म्हणून रेघेजवळचा एक आकडा म्हणजे निकाल नव्हे, तो पुन्हा तपासायचा. मधुमेहाच्या निदानाला, लक्षणं नसतील तर, दोन असामान्य निकाल हवेतच: एकाच रक्तातून फास्टिंग आणि एचबीएवनसी, किंवा तीच चाचणी दुसऱ्या दिवशी. दोन वेगळ्या चाचण्यांत एक वर, एक खाली आली तर जी वर आली ती पुन्हा करायची. तीन चाचण्या नेहमी तीच माणसं पकडत नाहीत. उपाशीपोटीची साखर यकृताकडून जास्त साखर सुटतेय हे सांगते, दोन तासांची साखर स्नायू ती उचलत नाहीत हे सांगते; दोन्ही बिघाड एकाच वेळी सुरू होतीलच असं नाही.

रिपोर्ट देतानाचे शब्द आम्ही जपून वापरतो. ‘बॉर्डरवर आहे, गोड कमी करा’ या वाक्याने दोन चुका होतात. बॉर्डर ऐकून माणूस निश्चिंत होतो, आणि ‘गोड’ ऐकून त्याला वाटतं प्रश्न फक्त साखरेचा आहे. त्याऐवजी आकडा दाखवतो आणि पुढे काय होतं ते सांगतो. एचबीएवनसी ५.५ ते ६ च्या दरम्यान असलेल्यांपैकी ५ वर्षांत ९ ते २५ टक्के लोकांना मधुमेह होतो, ६ ते ६.५ मध्ये २५ ते ५० टक्के. म्हणजे बऱ्याच जणांना होत नाही, हेही त्याच दमात सांगायचं. घाबरवून पाठवलेला माणूस परत येत नाही.

आणि उपाय आहे. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये वजन ७ टक्क्यांनी कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं वेगाने चालण्याइतका व्यायाम, एवढ्यावर सुमारे ३ वर्षांत मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. हे निकाल २००२ चे. फिनलंडच्या ५२२ जणांच्या अभ्यासातही आदल्याच वर्षी ५८ टक्केच आले होते. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. ‘वजन कमी करा’ यापेक्षा ‘सहा महिन्यांत साडेपाच किलो’ हे वाक्य लोक लक्षात ठेवतात. मेटफॉर्मिनचा विचार डॉक्टर मुख्यतः बीएमआय ३५ च्या वर, वय ६० च्या खाली, साखर ११० च्या वर किंवा गरोदरपणात मधुमेह झालेला असेल तेव्हा करतात. ते दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी-१२ जीवनसत्त्व मधूनमधून पाहावं लागतं.

नुसतं शोधून काढण्याने काय साधतं, याचंही उत्तर आहे. पूर्व इंग्लंडमध्ये ४० ते ६९ वयाच्या, धोका जास्त असलेल्या सुमारे २० हजार लोकांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मधुमेहासाठी एकदा बोलावून तपासलेल्या गटात जवळपास १० वर्षांनंतरही मृत्यूंचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. आम्ही हा निकाल पाठ करून ठेवला आहे. शंभर जण तपासले याला आम्ही काम म्हणत नाही. त्यातल्या सीमारेषेवरच्यांपैकी किती जण दुसऱ्या तपासणीला आले, ते मोजतो.

त्यासाठी एक वेगळी वही लागते. रिपोर्ट दिला त्याच बैठकीत पुढची तारीख ठरवायची: मधुमेहपूर्व अवस्था असेल तर वर्षाने, सगळं ठीक असेल तर ३ वर्षांनी, धोक्याचे गुण जास्त असतील तर त्याआधी. तारखेला न आलेल्याला आठवड्याभरात फोन. वर्षाने तीच चाचणी, जमेल तर त्याच प्रयोगशाळेत. गेल्या वर्षी एचबीएवनसी आणि यंदा फास्टिंग असं केलं की सुधारणा झाली की चाचणी बदलली हे कळत नाही. कंबरही त्याच पद्धतीने मोजायची आणि गेल्या वर्षीचा आकडा टेप लावून झाल्यावरच वहीत पाहायचा. आधी पाहिला की हात नकळत तिकडे ओढला जातो.